न वाजणारं नाणं

डिसेंबरात दुकानाने आम्हा गल्ल्यावरच्या बायकांना
एकेक कार्ड दिलं.
लाल, वर सोनेरी फीत छापलेली, गाठीसकट.
आत पन्नास हजार पेसो,
चालणार फक्त आमच्याच दुकानात,
एकतीस मार्चपर्यंत.

माझी दाढ ठणकत होती.
दाढेचा डॉक्टर आमच्या दुकानात मिळत नाही.

घरमालकीण दोन्या सुनिल्दा म्हणाली, आण इकडे, चाळीस देते.
कार्ड तिने उलटंपालटं केलं,
मग टेबलाच्या कडेवर टिचकावलं,
जुनी खोड, नाणं वाजवून घ्यायची.
वाजलं नाही.
छत्तीस, ती म्हणाली.

माझ्या आईच्या आजीला, एर्मोसिनाला,
हा भाव पाठ होता.

सांता रुफिना नावाचा सोऱ्याचा कारखाना,
आन्तोफागास्तापासून आत, जिथे ढगसुद्धा वाट चुकून येत नाही.
ती धुणं धुवायची. नवरा सुरुंग भरायचा.
शनिवारी खिडकीतून दोघांच्या तळहातावर पडायच्या चकत्या,
एबोनाइटच्या, नारिंगी,
मधोमध भोक, कडेने कंपनीचं नाव.
पाव कंपनीचा, मेणबत्ती कंपनीची,
पाणीही कंपनीचंच, घागरीवर मोजून.
चकती दिली की कारकून ती मागच्या पेटीत टाकायचा,
आणि पुढच्या शनिवारी
तीच चकती, तिच्याच दातांची खूण असलेली,
परत तिच्या हातात.
(खूण तिने मुद्दाम केली होती. बघायचं होतं, कुठवर जाते.
कुठेच जात नव्हती.)

धाकटा, फ्लोरिदोर, तापाने फणफणला
तेव्हा डॉक्टर बंदरावर, आणि मध्ये आगगाडी.
तिकिटाच्या खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
त्याने चकती उन्हात धरली,
भोकातून एकदा तिच्याकडे पाहिलं,
म्हणाला, बाई, हे इथे पैसे नाहीत.
स्टेशनाबाहेर एकजण तंबू टाकून बसायचा,
शंभराच्या चकत्या घ्यायचा, साठ रोख द्यायचा.
त्या दिवशी तो नव्हता.

ती पोराला घेऊन रुळाच्या कडेने चालत निघाली.
पुढचं आमच्या घरात कुणी सांगत नाही.
एवढंच, की निघताना पदरच्या गाठीत, म्हणजे तिच्या रुमालाच्या,
सात चकत्या होत्या
आणि बंदरावर पोचली तेव्हा सहा.

वर्षभरात कारखाना बंद पडला.
इतरांनी आपल्या चकत्या समुद्रात फेकल्या,
पोरांनी गाड्यांना चाकं केली.
एर्मोसिनाने एका करड्या कोटाला
बटणं म्हणून शिवल्या.
म्हणायची, भोक आहेच आयतं.
म्हणायची, आता निदान काहीतरी धरून ठेवतात.

तो कोट माझ्याकडे आहे.
गेल्या वर्षी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला,
एका बटणाचे तीस हजार म्हणाला,
दातांची खूण असलेल्याचे पस्तीस.
मी खूण शोधली. सहाही बटणांवर अंगठा फिरवला.
नाही.

आई मटार सोलत होती, मान वर न करता बोलली:
ती सातवी त्याच्या मुठीत दिली तिने.
वाळूत. रुळाच्या कडेला, कुठल्याशा मैलाच्या दगडापाशी.
दुसरं काही नव्हतं द्यायला.
तिला वाटलं, तिथे तरी चालेल कदाचित.

आमच्या वाळवंटात काही कुजत नाही.
मूठ अजून मिटलेलीच असेल.

मी छत्तीस हजार घेतले.
दाढ काढली. खड्ड्यात जीभ जाते सारखी.
काल गल्ल्यावर एक बाई तेच लाल कार्ड घेऊन आली,
फितीवर कोपऱ्यात ओरखडा, मी ओळखला.
तेल, साखर, डायपरचं मोठं पाकीट.
मी कार्ड यंत्राला लावलं.
यंत्र टुक् करून वाजलं,
कार्ड नाही.